गुडघ्याखालचं सोनं

पुरुषाच्या गुडघ्याखाली सोनं असतं, अशी चिनी भाषेत एक म्हण आहे. म्हणजे बाबा रे, उठसूट कुणापुढे गुडघे टेकू नकोस. बायकांच्या गुडघ्यांबद्दल म्हण काही बोलत नाही.

गुडघे टेकण्याला तिकडे 'ग्वेइ' म्हणतात. बादशहासमोर तीनदा ग्वेइ आणि नऊदा कपाळ जमिनीला, असा रिवाज होता. १७९३ मध्ये इंग्रजांचा राजदूत मॅकार्टनी चिएनलुंग बादशहाच्या भेटीला गेला, तेव्हा यावरूनच केवढी घासाघीस झाली. शेवटी एका गुडघ्यावर भागवलं, असं इंग्रजांचं म्हणणं. व्यापाराच्या मागण्या मात्र सगळ्या फेटाळल्या गेल्या. एक गुडघा वाचवून मिळवलं काय, तर परतीची वाट!

हांगचौ शहरात तळ्याकाठी युए फेइ या देशभक्त म्हणून पुजल्या जाणाऱ्या सेनापतीची समाधी आहे. ११४२ साली ज्याने त्याला मारवलं तो मंत्री छिन ह्वेइ, त्याची बायको आणि आणखी दोन साथीदार समाधीसमोर लोखंडी पुतळ्यांच्या रूपात गुडघ्यांवर बसलेत, हात पाठीमागे बांधलेले. लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावर थुंकत आले. इथे मात्र म्हण बाईलाही लागू केलेली दिसते.

१९१२ मध्ये प्रजासत्ताक आलं आणि सरकारी शिष्टाचारात गुडघ्यांची जागा कमरेतून वाकण्याने घेतली. दरबार सुटला, पण घर कुठे सुटतंय? नवरा चुकला की बायकोने त्याला धुणं घासायच्या खाचांच्या फळीवर गुडघे टेकायला लावायचं, हा तिकडचा हुकमी विनोद. वॉशिंग मशीन आलं, फळ्या अडगळीत गेल्या, तर विनोदाने कीबोर्ड उचलला. मग काटेरी दुरियन फळ. मला सगळ्यात आवडतो तो टीव्हीचा रिमोट: त्यावर गुडघे टेकायचे, पण चॅनल बदलता कामा नये. ही शिक्षा शोधणाऱ्या डोक्याला खरं तर एखादं खातंच द्यायला हवं.

आणि आता इंटरनेटवर तर पोरं दिवसभर 'ग्वेइ ला', म्हणजे 'गुडघे टेकले', लिहीत असतात. कुणी अफाट चित्र काढलं, ग्वेइ ला. कुणी अचाट मूर्खपणा केला, तरी ग्वेइ ला. आपण 'हात टेकले' म्हणतो तसं. व्हिडिओ गेममध्ये हरणं म्हणजेही ग्वेइ, आणि ओळीने हरत गेलं की 'ल्येन ग्वेइ'. हे सगळं खुर्चीत रेलून, पाय टेबलावर टाकून.