उलटा फिरलेला चरक

एप्रिलची दुपार, गंगापूर रोड, आणि रसवंतीची घुंगरं गप्प. 'पूर्वी नाशकात पंखे लागायचे नाहीत' ही आम्हा नाशिककरांची ठेवणीतली फुशारकी. हल्ली ती थंडीतच मारून घ्यावी लागते; एप्रिलमध्ये ऐकणारा घाम पुसत नुसता बघत राहतो.

थांबलो रसासाठीच, पण कान अडकला दुसरीकडे. घुंगरं गप्प असली तरी मोटार गप्प नव्हती. घूंऽऽ करत जागच्या जागी कण्हत होती. चरकात अर्धा ऊस अडकलेला आणि रसवंतीवाले मामा बटण पुन्हा पुन्हा दाबतायत. अशी नुसती घुमणारी मोटार मला ऐकवत नाही. लग्नाच्या पंगतीत डोक्यावरचा पंखा असा घुमायला लागला की माझं जिलबीवरचं लक्ष उडतं. बायको शेजारी असेल तर आधीच मनगट धरून ठेवते. त्या दुपारी ती नव्हती.

"मामा, बंद करा आधी. जळेल."

"तुम्ही वायरमन का?"

"नाही हो. कंडेन्सर गेलाय बहुतेक."

आता 'बहुतेक' म्हणणाऱ्या माणसाच्या हाती कुणी मोटार देत नाही. पण गिऱ्हाईक ताटकळलेलं, बर्फ वितळतोय. मावशी म्हणाल्या, "बघू द्या त्यांना."

हा कंडेन्सर मला लहानपणी चावलाय. बाबा ओझरला एचएएलमध्ये होते. १९६४ मध्ये मिग विमानांसाठी उभा राहिलेला कारखाना तो. "दिवसभर विमानं जोडता आणि घरचा पंखा महिनाभर तसाच," असं आई सुनवायची. मग एका रविवारी पंखा खाली उतरला. सतरंजीवर पाती, स्क्रू वाटीत, आणि बाजूला तो काळा डबीएवढा तुकडा. वायर काढलेली, भिंतीशी संबंध नाही, म्हणून मी बिनधास्त उचलला. चटका असा बसला की वाटीतले स्क्रू घरभर. बाबा हसले नाहीत. त्यांनी पंखा पुन्हा जोडून क्षणभर चालवला, कंडेन्सर सोडवला आणि पेचकसानं त्याची दोन टोकं जोडून दाखवली. टच्च! ठिणगी उडाली. "लाइट गेली तरी हा वीज धरून ठेवतो," म्हणाले. एवढंच. पुढं कितीतरी दिवस मी त्याच्याकडे झोपलेल्या विंचवाकडे बघावं तसं बघायचो.

तर गंगापूर रोड. भोवती सात-आठ जण जमलेले. नाशकात रस्त्यावर बॉनेट उघडलं की माणसं जमतात, आणि प्रत्येकाच्या भाच्याचा सातपूरला नाहीतर अंबडला वर्कशॉप असतो. "व्होल्टेज नाहीये," "बेअरिंग जाम झालं," "हात घालू नका भो, पट्टा ओढून घेईल." या शेवटच्याचं मात्र मी ऐकलं.

बेत सोपा होता. बटण बंद ठेवून चरकाचं मोठं चाक हातानं जोरात फिरवायचं. हात निघाला की मामांनी बटण दाबायचं. पुढच्या बाजूला ऊस अडकलेला, त्यामुळे चाक तिकडे हलेना. मागच्या बाजूला मात्र अलगद गेलं. मी तसंच गरगर फिरवलं, हात काढला आणि ओरडलो, "हां मामा!"

मोटार उचलली. घुंगरं छुमछुमली. लोकांनी "अरे वा" म्हटलं. आणि चरकातला ऊस चिपाड होऊन तरातरा मामांच्याच अंगावर परत आला.

चरक उलटा फिरत होता!

मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. दप्तर पाठीवर घेतलेला एक पोरगा तेवढा हसला नाही. म्हणाला, "काका, उलटा कसा काय?" या प्रश्नासाठी मी बहुधा चाळीस वर्षं थांबलो होतो. घरी कुणी विचारत नाही. सांगितलं त्याला: आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढं-मागं होते. दाराला दोन्हीकडून सारखाच धक्का बसला तर दार कुठं जाईल? तशी ही मोटार घुमते, पण कुठं वळायचं ते तिला कळत नाही. कंडेन्सर दुसऱ्या वेटोळ्यातला करंट जरासा आधी पोचवतो आणि दिशा दाखवतो. वेग आला की आतून टक् आवाज येतो, कंडेन्सरला सुट्टी. तो नसला तर तू ढकलशील तिकडे ती पळते, तिची स्वतःची काही तक्रार नसते.

पोरगा म्हणाला, "म्हणजे ती खराब नव्हतीच." मला पुढचं सुचलं नाही.

तेवढ्यात कुणीतरी स्कूटरवरून नवा कंडेन्सर आणला. मी जुना काढला, नवा बसवला, बटण दाबलं. टक्. घुंगरं सुलट वाजायला लागली. मामांनी आलं-लिंबू घालून ग्लास पुढं केला आणि रसाचे पूर्ण पैसे घेतले. सुटे नव्हते म्हणाले, तेव्हा आणखी एक ग्लास झाला.

संध्याकाळी बाबांना सगळं रंगवून सांगितलं. आता त्यांना कमी ऐकू येतं, पण मोटारीचं ऐकू येतं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काढायच्या आधी टोकं जोडलीस ना?"

"हो," म्हणालो.

जोडली नव्हती. तो बिचारा गेलेलाच होता, म्हणून.