हरलेल्याची सही

बेसबॉलच्या सह्या जमवतो मी, पण बेब रूथसारख्या महान खेळाडूच्या वाटेला जातच नाही. १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमधली, म्हणजे बेसबॉलच्या फायनलमधली, त्याची जर्सी २०२४ मध्ये लिलावात २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेली, तिथे आपण कुठे पुरणार! मी शोधतो ते वेगळंच, एकाच बॉलवर किंवा फोटोवर मॅच जिंकून देणारा आणि ज्याच्या डोक्यावर हरल्याचं खापर फुटलं तो, अशा दोघांच्या सह्या. आणि खरं सांगू का, मी आधी दुसरी सही बघतो.

सगळ्यात लाडका म्हणजे बॉबी थॉमसन आणि राल्फ ब्रँकाचा फोटो. ३ ऑक्टोबर १९५१, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, प्लेऑफची तिसरी मॅच, ब्रुकलिन डॉजर्स ४-२ ने पुढे, शेवटची इनिंग, डॉजर्सनी ब्रँकाला पिचिंगला, म्हणजे बॉल टाकायला, आणलं आणि जायंट्सच्या थॉमसनने त्याच्या दुसऱ्याच बॉलवर होमरन ठोकला, तीन रन, जायंट्स ५-४, विषय संपला. तो बॉल नेमका कुणाला मिळाला हे आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही, म्हणून मग कलेक्टरला उरतात त्या सह्याच. पुढे ही दोघं कित्येक वर्षं शेजारी शेजारी बसून सह्या करायची! २००१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने छापलं की जायंट्सवाले त्या सीझनला दुर्बिणीने कॅचरच्या खुणा, म्हणजे कुठला बॉल टाकायचा ते पिचरला सांगणारे इशारे, चोरत होते, हे वाचल्यावर तर ब्रँकाची ती निळी, ठाशीव सही बघताना मला जाम भारी वाटतं. म्हणजे १९८६ मध्ये शारजात मियाँदादने सिक्स मारलेल्या बॉलवर चेतन शर्माने हसत सही करून द्यावी, तसं.

त्याच १९८६ मध्ये बॉस्टनच्या बिल बकनरचं झालं. वर्ल्ड सिरीज, गेम ६, शे स्टेडियम, मेट्सच्या मूकी विल्सनचा साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून आलेला बॉल, बकनरच्या पायांमधून गेला आणि मेट्स जिंकले. स्कोअर आधीच ५-५ झाला होता आणि गेम ७ बाकी होती हे बॉस्टनवाले सोयीस्करपणे विसरले आणि त्या माणसाला वर्षानुवर्षं छळलं. तो ओरिजिनल बॉल, ज्यावर अंपायर एड माँटेग्यूने ओळखीसाठी बारीक फुली मारली होती, १९९२ मध्ये हॉलिवूडच्या चार्ली शीनने ९३,५०० डॉलरला घेतला आणि २०१२ मध्ये तो ४,१८,२५० डॉलरला गेला. माझ्याकडे आहे तो साधा कोरा रॉलिंग्सचा बॉल, शिवणीच्या मधल्या अरुंद जागेत, ज्याला स्वीट स्पॉट म्हणतात, तिथे दोघांच्या सह्या, बॉलपेनने. बॉलपेननेच हव्यात, मार्करची शाई चामड्यात पसरते. आणि उन्हात तर अजिबात ठेवू नका, निळी शाई बघता बघता उडते.

खोट्या मालाचं काय सांगू, एफबीआयच्या ऑपरेशन बुलपेनमध्ये चक्क मदर तेरेसांची सही केलेले बेसबॉल सापडले होते! २००१ पासून एमएलबीचा, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल लीगचा, माणूस समोर उभा राहून खरेपणाचा होलोग्राम लावतो, पण जुन्या मालाला त्याचा काय उपयोग, तिथे पीएसए किंवा जेएसए या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांचं सर्टिफिकेट नसेल तर मी हातसुद्धा लावत नाही, विकणारा कितीही गोड बोलू दे.

सध्या १९८८ चा गिब्सन-एकर्सली शोधतोय, म्हणजे वर्ल्ड सिरीजमध्ये होमरन मारून मॅच जिंकून देणारा गिब्सन आणि ज्याच्या बॉलवर तो बसला तो एकर्सली. एकट्या गिब्सनचे ढिगाने मिळतात, पण एकर्सलीची सही नसेल तर मला नकोय.