तुम्ही विचारलंत म्हणून: सुरुवात कोणत्या डॉक्टरपासून करायची?

मला शोग्रेन्स सिंड्रोम, म्हणजे डोळे आणि तोंड कोरडं पाडणारा प्रतिकारशक्तीचा आजार, आहे हे कळल्यापासून ओळखीच्या-अनोळखी बायका एकच प्रश्न विचारतात. "ताई, मलाही डोळे, सांधे, दात, थकवा, काही ना काही चालूच असतं. कोणत्या स्पेशालिस्टकडे आधी जाऊ?"

माझं उत्तर असं, की आधी स्पेशालिस्टकडे जाऊच नका. एमडी मेडिसिन झालेले फिजिशियन गाठा आणि सगळ्या तक्रारी एका कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा.

मी उलट्या बाजूने गेले होते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, म्हणून दादरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. ऑफिसातला एसी आणि कॉम्प्युटर यांमुळे होतं म्हणाले, थेंब दिले. मुलुंडच्या डेंटिस्टकडे एकामागून एक दात भरून घेत होते, कीड नेमकी हिरडीलगत लागायची. सकाळी बोटं आखडायची; ऑर्थोपेडिककडे एक्स-रे चांगला आला, डी व्हिटॅमिन कमी निघालं, ते सुरू झालं. मग दोन्ही कानांखाली सूज आली. मुंबईत गाठ म्हटली की पहिली शंका टीबीची येते, आणि ती यायलाच हवी. सुईने नमुना काढला, टीबी नव्हता. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सूज मग कशाची, हे विचारायचं राहूनच गेलं.

पायांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा परळला न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. त्यांनी रात्री घ्यायला ॲमिट्रिप्टिलिन दिली. मुंग्या खरंच कमी झाल्या, पण तोंडाला इतकी कोरड पडली की रात्री पाण्यासाठी उठावं लागे. ही गोळी तोंड आणि डोळे कोरडे करते, हे वैद्यकात सगळ्यांना ठाऊक आहे. माझे डोळे आधीपासूनच कोरडे आहेत, हे मात्र त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. पायांसाठी गेलेला माणूस पायांबद्दलच बोलतो.

या डॉक्टरांनी आपापल्या पुढ्यातलं नीट पाहिलं, असं मी आजही म्हणेन. पण डोळे, दात, बोटं, पाय ही सगळी एकाच बाईची आहेत, हे बघायचं काम कोणाकडेच नव्हतं. आणि "आता वयाचं चालायचंच, मेनोपॉज आहे" हे वाक्य ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्यांचा मला राग आहे. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो, आणि बहुधा त्याच वयात लक्षात येतो.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उठते. लाळ कमी झाली की दात किडतात. कानाखाली सुजते तीही लाळेचीच ग्रंथी. सांधे आणि नसा त्याच तडाख्यात सापडू शकतात. २०१६ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून त्याचे निकष ठरवले. ते मुळात संशोधनासाठी आहेत, पण त्यांतले गुण वाचून मला माझी सगळी वणवण समजली. रक्तात अँटी-रो ही अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीने आपल्याच शरीराविरुद्ध तयार केलेलं प्रथिन) सापडली तर ३ गुण, ओठाच्या बायोप्सीत विशिष्ट बदल दिसले तर ३. खालच्या पापणीत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत ती ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर १. डोळ्याच्या पृष्ठभागाच्या तपासणीला १, लाळेच्या मोजमापाला १. किमान ४ लागतात. म्हणजे नुसता डोळ्यांचा डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याच्या हाती दोनच गुण.

भांडुपच्या फिजिशियननी माझा कागद वाचला आणि विचारलं, "कोरडी पोळी पाण्याशिवाय गिळता येते का?" येत नव्हती. मला हे कधी कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी पट्टीची आणि रक्ताची तपासणी करायला सांगितली, दोन्ही याच आजाराकडे बोट दाखवणाऱ्या निघाल्या, आणि मग त्यांनीच चिठ्ठी देऊन ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाततज्ज्ञांकडे, पाठवलं.

कागदावर काय लिहायचं, तेही विचारता. कोणता त्रास कोणत्या वर्षी सुरू झाला, त्या क्रमाने. चालू असलेली प्रत्येक गोळी, थेंब आणि आयुर्वेदिक काढेसुद्धा. कोणती तपासणी नॉर्मल आली, तेही, म्हणजे तीच पुन्हा करावी लागत नाही. जाडजूड फाइल सोबत असू द्या, पण पुढे करायचा तो कागदच. आणि एक प्रश्न विचारा: "हे सगळं मिळून एकच काही असू शकेल का?" उत्तर "नाही" असंही येऊ शकतं. कोणाला थायरॉइड वेगळा असतो आणि बी-१२ची कमतरता वेगळी, आणि दोन्हींवर उपचार आहेत. डॉक्टर आधी तेच तपासतील, तर कंटाळू नका.

माझा आजार मुळापासून जाणारा नाही. डोळ्यांचे थेंब, दातांना फ्लोराइड आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणारी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी चालू आहे. त्या गोळीसाठी डोळ्यांचा पडदा ठरावीक काळाने तपासावा लागतो, म्हणून दादरची फेरी अजून आहेच. तुमच्यापैकी कोणाच्या लेकीची किंवा सुनेची अँटी-रो पॉझिटिव्ह असेल आणि बाळाचा विचार चालू असेल, तर गायनॅकॉलॉजिस्टना हे आधीच सांगा. काही थोड्या बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांवर या अँटिबॉडीचा परिणाम होतो, आणि साधारण अठराव्या आठवड्यापासून पोटातल्या बाळाच्या हृदयावर सोनोग्राफीने लक्ष ठेवता येतं.