शांत मुलीतलं एडीएचडी ओळखताना: माझा अनुभव

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा किंवा अतिचंचलतेचा त्रास, म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते एका जागी न बसणारं, बाकांवरून उड्या मारणारं पोर, आणि बहुतेक वेळा मुलगाच. माझी लेक तशी नाही. ती वर्गात गप्प बसते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यामुळे निदान व्हायला चौथी उजाडली. अशाच शांत मुलींच्या आईबाबांसाठी हे सविस्तर लिहितेय.

लक्षणं सुटी सुटी पाहिली तर कुठल्याही घरात सापडतील. डबा शाळेत राहणं, पेन्सिली हरवणं, "हात धू, डबा घासायला टाक आणि दप्तर भर" म्हटल्यावर फक्त हात धुऊन होणं. खरं चित्र दिसायचं ते गणिताच्या वहीत. पहिली तीन उदाहरणं सुबक आणि बरोबर. चौथ्यात चिन्ह बेरजेचं, पण केलेली वजाबाकी. पाचव्यात हातचा धरायचा राहिलेला. सहावं अर्ध्यावर सोडलेलं आणि शेजारी समासात मोर, पिसाऱ्यातला डोळा न् डोळा काढलेला. तीच उदाहरणं मी जवळ बसून तोंडी विचारली की धडाधड उत्तरं यायची. म्हणजे डोकं चालत होतं, समजत होतं, आणि तरीही रोज संध्याकाळी गृहपाठावरून घरात रडारड.

त्या मोरावरूनच सासूबाई म्हणायच्या, "दोन-दोन तास चित्रं काढते की! मग लक्ष लागत नाही कसं?" हा प्रश्न मी पुढे डॉक्टरांना जसाच्या तसा विचारला. ते म्हणाले, "ताई, आवडीच्या कामात ही मुलं पार बुडून जातात. अडतं ते लक्ष हवं तिकडे वळवताना आणि कंटाळवाण्या कामावर टिकवताना." घरातल्या निम्म्या वादांवर हे एक उत्तर पुरलं.

सुरुवात आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून झाली. त्यांनी आधी डोळे आणि कान तपासून घेतले, रक्त तपासलं, झोपेची चौकशी केली. झोप पुरत नसेल किंवा फळाच नीट दिसत नसेल तरी मूल असंच वागतं. मग त्यांनी विचारलं, "तंद्री लागलेली असताना खांद्याला हात लावला तर लगेच भानावर येते का?" फिट्सचा एक प्रकार असा असतो की मूल काही सेकंद शून्यात बघत राहतं आणि हाक मारली, हात लावला तरी त्याला कळत नाही. आमची लेक लगेच "काय?" म्हणायची, त्यामुळे मेंदूचा आलेख काढायची वेळ आली नाही.

तिथून आम्हाला बालमनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. एडीएचडी रक्तात किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही, निदान होतं ते माहिती गोळा करून. लक्ष न टिकण्याची 9 लक्षणं आणि अतिचंचलता-उतावळेपणाची 9 लक्षणं, अशी यादी असते. लहान मुलांमध्ये एका गटातली किमान 6 लक्षणं सहा महिन्यांहून जास्त काळ दिसावी लागतात, ती वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असावी लागतात, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यामुळे मुलाचं खरोखर अडत असावं लागतं. माझ्या मते पालकांनी या शेवटच्या अटीकडे सगळ्यात जास्त बघावं. विसरभोळेपणा बऱ्याच मुलांत असतो, पण तो रोज मुलाला रडवत नाही.

"कधीच नाही" ते "जवळजवळ नेहमी" अशा पर्यायांचा एक फॉर्म आम्ही भरायचा होता, एक वर्गशिक्षिकेने. शाळेतून आलेल्या फॉर्मवर वरपासून खालपर्यंत "कधीच नाही"! बाईंच्या मते मुलगी गुणी होती, कुणाला त्रास देत नव्हती. मला फार लागलं ते. चाळीस-पन्नास पोरांच्या वर्गात बाईंचं लक्ष दंगा करणाऱ्याकडे जाणार, हे मलाही कळतं. पण स्वतःशीच झगडणारं मूल त्यात दिसेनासं होतं. डॉक्टरांनी बाईंना चिठ्ठी दिली: ती त्रास देते का ते बघू नका, फळ्यावरचं किती उतरवते, सूचना पुन्हा सांगावी लागते का, काम पूर्ण करते का ते काही दिवस बघा. दुसरा फॉर्म आमच्या फॉर्मशी बराचसा जुळला. पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं मी जपून ठेवली होती, तीही कामाला आली. दरवर्षी वेगळ्या बाई, पण शेरा तोच: "हुशार आहे, लक्ष देत नाही."

बुद्ध्यंकाची आणि अध्ययन अक्षमतेची (वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीची) चाचणीही झाली, कारण अध्ययन अक्षमता पुष्कळदा एडीएचडीच्या जोडीने येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता स्वतंत्रपणे नोंदलेली आहे, एडीएचडी नाही. परीक्षेतल्या सवलतींच्या दृष्टीने हा फरक माहीत असायला हवा. लेकीला अध्ययन अक्षमता निघाली नाही. निदान झालं ते लक्ष न टिकण्याच्या प्रकारातल्या एडीएचडीचं.

आता ती पहिल्या बाकावर बसते. एका वेळी एकच सूचना, गृहपाठाचे छोटे तुकडे, आणि कपाटाच्या दारावर सकाळच्या कामांची चित्रं, तिनेच काढलेली. डॉक्टरांशी नीट बोलून मिथाइलफेनिडेट हे लक्ष टिकवायला मदत करणारं औषधही सुरू केलं. दुपारची भूक कमी झाली म्हणून नाश्ता भरपेट देते. वजन, उंची आणि रक्तदाब ते दर भेटीत बघतात. औषधाला घरात विरोध झालाच. तेव्हा ह्यांनी आईंना समजावलं, "आई, तिला चष्मा लागला असता तर दिला असताच ना?"

खाजगीतला खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते आणि त्यांच्या यादीत एडीएचडी आहे. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला विचारा, किंवा जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा. जाताना जुनी प्रगतिपुस्तकं आणि दोन-चार वह्या बरोबर न्या, खाडाखोड असलेल्याच.