उकळणारच होतात, मग रडलात कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. आधी घरच्यांनी विचारलं, मग शेजाऱ्यांनी, आता नव्याने ओळख झालेली माणसंही विचारतात. "तुम्ही पाळलेल्या रेशमाच्या अळ्या मेल्या म्हणून तुम्ही रडलात म्हणे. पण कोष झाल्यावर त्यांना गरम पाण्यात टाकणारच होतात ना?"

हो, टाकणारच होते. दर वेळी टाकते. पतंग बाहेर पडला की कोषाला भोक पडतं, धागा जागोजाग तुटतो. सहाशे ते हजारभर मीटर सलग धागा हवा असेल तर पतंग होण्याआधी कोश उकळावा लागतो. आतला किडा मग कोंबड्यांना जातो, कोंबड्यांचं खत तुतीला, तुतीचा पाला पुन्हा अळ्यांना. हे चक्र मी वर्षानुवर्षं लोकांना अभिमानाने सांगत आले.

"मग एरी पाळा, त्यात मारावं लागत नाही," असंही सुचवतात. एरी ही रेशमाच्या किड्याची दुसरी जात. एरीचा कोष एका टोकाला उघडाच असतो, पतंग निघून जातो आणि उरलेलं टकळीवर कातता येतं. मी कातलंय. ऊबदार, लोकरीसारखं सूत होतं, मला आवडतं. पण तुतीच्या रेशमाचा उलगडलेला धागा मागावर चढला की जी चमक येते ती त्यात नाही, आणि मला ती चमक हवी असते. कारण लहान आहे. खरं तेच आहे.

आता त्या दिवसाबद्दल.

अळ्या पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत होत्या, चौथी कात टाकून पाच दिवस झालेले. दोन-तीन दिवसांत पिकून चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या बांबूच्या चौकटीवर, जाणार होत्या. या दिवसांत खाणं इतकं वाढतं की दार उघडताच पाला कुरतडल्याचा आवाज येतो. रोगांची धास्ती होती म्हणून मी सगळं सांभाळत होते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरने १८६५ पासून काही वर्षं रेशीमकिड्यांच्या रोगावर घालवली, त्याच्याच पद्धतीने मी अंडी घालून झालेली प्रत्येक मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासते. अळ्यांच्या बेडवर चुना धुरळते. ओला पाला घालत नाही.

त्या सकाळी राखी कोंबडी सारखी शेपटीखाली चोच मारत होती. उचलून पाहिलं तर पिसांच्या बुडाशी उवा आणि लिखांचे पुंजके. घरात पर्मेथ्रिन या कीटकनाशकाची भुकटी होती. पाचही कोंबड्या एकेक करून काखेत धरल्या, पिसं उलटी करून भुकटी चोळली. हात साबणाने दोनदा धुतले. मग तुतीचा पाला तोडला आणि एप्रनच्या ओच्यात भरून आणला. त्याच एप्रनच्या.

अर्ध्या तासाने चहा घेताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खोलीतून आवाज येत नव्हता. आत गेले तर अळ्या अंगाचा पुढचा भाग उचलून डोकं या बाजूला, त्या बाजूला हलवत होत्या. तोंडातून हिरवं पाणी येत होतं. आधी वाटलं उकडलं असेल, खिडक्या उघडल्या. मग पाला बदलला, जिवंत दिसतील त्या हाताने उचलून नव्या ट्रेमध्ये ठेवल्या. एप्रन अजून अंगावरच होता. खिशाच्या काठावर पांढरी रेघ दिसली तेव्हा कळलं. तोपर्यंत बोटभर लांबीच्या अळ्या आखडून निम्म्या झाल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत चारशे गेल्या. दुसऱ्या खोलीतला एक ट्रे वाचला, त्याला पाला घालायचा राहिला होता म्हणून.

मेलेल्या अळ्या घमेल्यात भरून मी मागे पुरायला नेल्या. घमेलं दिसलं की कोंबड्या धावत येतात, त्यांना त्यात खाऊ असतो हे ठाऊक आहे. त्या दिवशीही पाचही जणी माझ्या मागोमाग खड्ड्यापर्यंत आल्या. त्यांना खुराड्यात कोंडून मी खड्डा खोल केला, वर दगड ठेवला. तिथे मी रडले. पंचवीस दिवसांची मेहनत गेली म्हणून रडले का? थोडं तेही होतं, नाही म्हणणार नाही. पण मेहनत गेली की माझा राग राग होतो, रडू येत नाही.

पूर्वी कुणी उकळण्याबद्दल विचारलं तर मी ठसक्यात सांगायचे, "किडे ते, त्यांना काय कळतंय!" आखडणाऱ्या अळ्या तासन् तास पाहिल्यावर ते वाक्य मला उच्चारता येत नाही. मग कोष उकळणं वेगळं कसं? मी म्हणते, तिथे काही मिनिटांत संपतं, मी ठरवून करते, त्यातलं काही वाया जात नाही. पण हे सगळे हिशेब माझ्या बाजूचे झाले. कोषातल्या किड्याच्या बाजूने यातला एकही हिशेब लागू होत नाही. "सोडून द्या" म्हणणाऱ्यांनाही मात्र माझं म्हणणं आहे: या पतंगाला उडता येत नाही, खायला तोंड नाही, आठवडाभरात तो मरतो. आणि एक मादी तीनशे-चारशे अंडी घालते. तेवढ्यांना पाला कुठून आणायचा?

वाचलेल्या ट्रेमध्ये चाळीस अळ्या होत्या. त्यांचे कोष झाले आणि त्यातले चौतीस मी उकळले. हे सांगितलं की विचारणारे गप्प होतात. कोंबड्यांनी घमेलं नेहमीसारखं साफ केलं. सहा कोष बियाण्याला ठेवले होते, त्यांतल्या माद्यांनी कागदावर अंडी घातली. पिवळी होती, चार दिवसांत राखाडी झाली.

ती फ्रिजमध्ये आहेत. तुतीला पालवी फुटली की बाहेर काढेन. एप्रन आता दोन आहेत, कोंबड्यांचा खुराड्याशी टांगलेला असतो, घरात येत नाही.