आमची वाटचाल : अंबाडीची बोंडं आणि बिनकॅफीनचा कप

लातूरकडे अंबाडीला पीक म्हणून कुणी मोजत नाही. ती बांधावर, तुरीच्या कडेकडेने उगवते. पाल्याची भाजी होते, वाखाचे दोर वळतात आणि बोंडं चटणीला जातात, नाहीतर शेळीच्या तोंडात. चहासारखं गरम पाण्यात घ्यायचं बिनकॅफीनचं मिश्रण करायला आम्ही ती बोंडं किलोवर विकत घ्यायला लागलो, तेव्हा एका शेतकऱ्याने थोरल्या जाऊबाईंना तोंडावर विचारलं, "का करलालाव हो एवढ्याचं? शेरडं पाळलाव का?" पैसे मात्र मोजून घेतले.

धंदा उभा राहिला तो जाऊबाईंच्या हातावर, हे लिहूनच ठेवते, कारण बँकेच्या कागदावर फक्त माझं नाव आहे. बोंड सोलायचं म्हणजे बोटांत बारीक कुसं घुसतात. त्यांनी लेथवाल्याकडून बोटभर जाडीची स्टीलची नळी कापून आणली आणि एका टोकाला धार लावून घेतली. देठाकडून नळी दाबायची, मनगट एकदा फिरवायचं, की आतली हिरवी बी-बोंडी पलीकडून टपकन बाहेर पडते आणि लाल टोपण अख्खं हातात राहतं. आता यंत्राची कोटेशनं येतात. ती बघून जाऊबाई हसतात, कारण यंत्रातून टोपणाचा चुरा येतो आणि चुऱ्याचा कप गढूळ होतो. दहा किलो ओल्या टोपणांचं वाळून जेमतेम किलोभर हाती लागतं, तेव्हा चुऱ्यात घालवायला माल येतो कुठून?

आमचं पहिलं आणि आजही सगळ्यात जास्त खपणारं मिश्रण म्हणजे अंबाडी, गवती चहा, जालन्याच्या मोसंबीची वाळकी साल, ज्येष्ठमध आणि सुंठ. चहाच्या झाडाचं पान त्यात नाहीच, म्हणून कॅफीन नाही. डीकॅफ म्हणतात ते वेगळं. तिथे पानातलं कॅफीन काढून टाकतात आणि थोडं मागे राहतंच.

दर घाण्याची चव आम्ही दोघी घेतो. पांढरे कप, दोन ग्रॅम माल, दोनशे मिली उकळतं पाणी, वर झाकण, सात मिनिटं. आधी झाकण उलटं करून वास घ्यायचा. गवती चहा उन्हात वाळवलेला असेल तर तिथेच कळतं, वास गवताचा येतो, लिंबाचा येत नाही. मग चमच्याने मोठ्ठा भुरका. पाहुण्यांसमोर शोभत नाही असा आवाज झालाच पाहिजे, कारण रसाबरोबर हवा आत गेली तरच वास नाकात चढतो. आधी अंबाडीचा आंबटपणा जिभेच्या कडांना लागतो, मधे सालीचा किंचित कडूपणा, आणि गिळल्यावर घशात ज्येष्ठमधाची गोडी रेंगाळते. सुंठ अगदी शेवटी. ती आधी लागली तर समजायचं की सुंठेची पूड बारीक झाली आणि पिंपाच्या तळाशी बसली. म्हणून आम्ही सुंठ दळत नाही, कुटून गव्हाएवढी ठेवतो आणि दोन चाळण्यांच्या मधला मालच घेतो. दोन कपांच्या मधे ज्वारीच्या लाह्या चावायच्या, बिनमिठाच्या.

पाण्याचा धडा 2016 ने दिला. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, हे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. आमच्याकडे टँकर, आणि रोज वेगळ्या बोअरचा. तोच माल, तेच वजन, पण एक दिवस कप माणकासारखा लाल आणि दुसऱ्या दिवशी जांभळट, मळकट, आंबटपणा बसलेला. जड पाण्यातला क्षार अंबाडीची आम्लता मारतो आणि आम्लता गेली की रंगही फिरतो. तेव्हापासून आम्ही प्रत्येक घाणा दोन पाण्यांत चाखतो, एक आरओचं आणि एक बोअरचं. आमचं गिऱ्हाईक बोअरवालंच आहे.

आणि नेमकं ह्याच रंगाने आमचा घात केला. गंजगोलाईतल्या, म्हणजे लातूरच्या बाजारपेठेतल्या, एका दुकानदाराने, ज्याच्याकडे आमचा बहुतेक माल जायचा, एका दुसऱ्याच कंपनीची पाकिटं लावली. दर आमच्या निम्म्याला, वर ठळक 'कॅफीनमुक्त', आणि पाणी कसलंही असो, कप लालभडक. आमचा माल खोकी न फोडता परत. वाळवणयंत्राचा हप्ता चालू, खोलीत छतापर्यंत खोकी, आणि लोक आम्हालाच ऐकवणार की तुमच्यात रंगच नाही. हप्त्यापायी जाऊबाईंनी पाटल्या मोडल्या. त्या दुकानदाराला मी आजही लग्नपत्रिका देत नाही.

सुटका केली ती एका निवृत्त गुरुजींनी. झोप हलकी, म्हणून पहिल्यापासून रात्रीचा कप आमचाच. जीभ अशी की साल जुनी असली तर पाकीट घेऊन दारात हजर. सुनेने स्वस्त म्हणून ते दुसरं पाकीट आणलं, तर गुरुजी रात्र-रात्र जागे. त्यांनी कपातला चोथा बशीत पसरला, भिजून उलगडलेली हिरवी पानं वेगळी केली आणि कागदात गुंडाळून आमच्याकडे आणली. पान बघताच जाऊबाई म्हणाल्या, हा गवती चहा नव्हे. ग्रीन टी होता तो! ग्रीन टीत कॅफीन नसतं असं शिकलेसवरलेलेही मानतात. असतं, चांगलं असतं, आणि संध्याकाळी घेतलेल्यातलं अर्धं पाचेक तासांनीही अंगात असतं. पुण्याच्या प्रयोगशाळेत सीलबंद पाकीट पाठवलं आणि अहवालात कॅफीन निघालं. तक्रारीची पोच मिळाली, पुढे काही हाललं नाही. मग अहवालाच्या झेरॉक्स आम्हीच दवाखान्यांत, योगवर्गांत, कीर्तनाच्या मंडपात वाटल्या. खोकी हळूहळू हलली.

नंतरची वर्षं बरी गेली. दोन नवी मिश्रणं आली, कामाला बाया वाढल्या.

घरी करणाऱ्यांसाठी सांगते, कुणी विचारलं नसलं तरी. अंबाडी उकळू नका, वरून उकळतं पाणी ओता. दूध घालू नका, फाटतं. बीपीवाल्यांनी ज्येष्ठमध रोज घेऊ नये, तसं आमच्या पाकिटावर छापलंय. साल वाळली का हे वाकवून बघा, कट्‌कन मोडली पाहिजे, कारण ओलसर साल बरणीतल्या बाकी सगळ्याला मऊ करते.

त्या दुकानदाराने परवा माणूस पाठवून दर विचारला. दर सगळ्यांना तोच, त्यांना फक्त आगाऊ रोख. बाकी कुणाला चव बघायची असेल तर सकाळी न्याहारीआधी या, तंबाखू न लावता, आणि घरचं तांब्याभर पाणी सोबत आणा.