लावायचं कुठे, सोडायचं कुठे

महापेच्या ऑफिसात बसून आम्ही कॅलिफोर्नियातल्या जळालेल्या जंगलांचे नकाशे करतो, नवी रोपं कुठे लावायची ते ठरवण्यासाठी. त्या दिवशी स्क्रीनवर क्रीक फायर होता. सप्टेंबर 2020 मध्ये सिएरा नेवाडा पर्वतरांगेत लागलेला हा वणवा जवळपास 3 लाख 80 हजार एकरांवर पसरला. दुष्काळाने आणि साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी तिथली असंख्य झाडं आधीच उभी वाळली होती.

आगीआधीचं आणि नंतरचं उपग्रहचित्र ताडून 30 मीटरच्या एकेका चौकोनाची होरपळ ठरवतात. नकाशावर लाल म्हणजे झाडं जवळजवळ सगळी गेली. डोंगरच्या डोंगर लाल दिसत होते.

शहापूरकडून आलेला आमचा नवा सहकारी म्हणाला, "ताई, एवढं लावायचं कशाला? आमच्याकडे साग, पळस वणव्यात जळले तरी बुडातून फुटतात."

फार नेमकं बोलला तो. फरक तिथेच आहे: तिकडचा पाँडेरोसा पाइन हा सूचिपर्णी वृक्ष बुडातून फुटत नाही, बियांवरच येतो. बी वाऱ्यावर जातं खरं, पण बहुतेक शे-दोनशे फुटांतच पडतं. म्हणून आधी वाचलेल्या झाडांपासूनचं अंतर काढायचं. जवळची जागा त्या झाडांवर सोपवायची. मोठ्या लाल पट्ट्याच्या पोटात बी पोचत नाही, झुडपं मात्र भराभर जमीन व्यापतात. रोपं तिथे हवीत.

पण रोपं मोजकीच असतात, शिवाय त्यांचं बी त्या भागाला आणि उंचीला जुळणारं लागतं. उत्तरेकडचे उतार ओल धरतात, ते आधी घेतले. वाद झाला तो खालच्या दक्षिण उतारांवर. तिथे उन्हाळा म्हणजेच कोरडा हंगाम; आपल्यासारखा जूनमध्ये पाऊस येऊन रोपाला वाचवत नाही. त्यात तापमान वाढतंय. तरीही पाइनचं जुनं जंगल होतं तिथे, आणि ते नकाशावरून पुसताना माझा हात अडला.

"तिकडे पळसासारखं फुटणारं काहीच नाही का?" त्याने विचारलं.

आहे. ब्लॅक ओक! खोड जळालं तरी बुडातून धुमारे काढतो. आगीपूर्वीचा वनस्पतींचा नकाशा वर चढवला, तर त्या उतारांवर ओक जागोजागी होता. आम्ही तिथली पाइनची लागवड काढली, 'ओक राखावा, फुटवे प्रत्यक्ष जाऊन तपासावेत' असा शेरा लिहिला आणि त्यामुळे शिल्लक राहिलेली रोपं वरच्या लाल पट्ट्याच्या मध्यभागी वळवली. ओळीने नाही, पुंजक्यांनी, मध्ये मोकळी जागा ठेवून, म्हणजे पुढच्या वणव्याला सलग रान मिळणार नाही.